किती टाके पडले? पोटाला चाकू लागल्यावर आत काय होतं आणि डॉक्टर काय करतात

आमच्याकडे जखम मोजायचं माप एकच, टाके. कुणाला काही लागलं की वॉर्डाच्या दारात उभा असलेला पहिला माणूस विचारतो, "किती टाके पडले?" तीन म्हटलं की सगळे सैलावतात, तीस म्हटलं की बाया रडायला लागतात. डोक्याच्या, हाताच्या, पायाच्या जखमेला हे माप बऱ्यापैकी लागू पडतं. पोटाला चाकू लागला असेल तर मात्र ते सपशेल फसतं. गावागावांतल्या माणसांना हे कळलं तर काही जीव वाचतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

मी सर्जन आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात काम केलंय. दसऱ्याच्या आगेमागे, सोयाबीन काढणीच्या धांदलीत, एका संध्याकाळी बावीस वर्षांचा एक मुलगा मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून आला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालं होतं आणि भाजी चिरायचा चाकू चालला होता. बेंबीच्या डाव्या बाजूला जेमतेम नखाएवढी चीर. रक्त थांबलेलं. मुलगा स्वतःच्या पायांनी चालत आत आला. वडील म्हणाले, "मॅडम, दोन टाके मारून देजा. सकाळी सोयाबीन काढाले जा लागते."

त्याची नाडी मिनिटाला ११२ होती. ब्लडप्रेशर ११० वर ७०, म्हणजे कुणीही 'नॉर्मल' म्हणावं असं. मी त्याला टाके मारले नाहीत, घरीही सोडलं नाही. वडील चिडले. त्यांचं चिडणं मला समजत होतं, कारण चीर खरोखरच नखाएवढी होती.

चाकूच्या जखमेत बाहेरून दिसते ती फक्त आत शिरण्याची जागा. दाराची रुंदी पाहून घर किती खोल आहे हे सांगता येत नाही. चाकू कातडीतून चरबीत जातो, मग स्नायूंचे थर आणि त्यांच्यावरचं पांढरं, चिवट आवरण लागतं, आणि सगळ्यात शेवटी पोटाच्या पोकळीचं पातळ अस्तर. हे अस्तर फाटलं की चाकू 'पोटात गेला' असं आम्ही म्हणतो. पोटाच्या पुढच्या बाजूने भोसकलेल्या माणसांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश लोकांत चाकू या अस्तरापर्यंत पोचतच नाही. ज्यांच्यात पोचतो त्यांच्यापैकीही बऱ्याच जणांत दुरुस्त करावं असं काही तुटलेलं नसतं, कारण लहान आतड्याची वेटोळी गुळगुळीत असतात, सुटी असतात आणि टोक आलं की घसरून बाजूला होतात. यकृताला ती सोय नाही. ते मोठं, जड आणि जागच्या जागी बांधलेलं. म्हणूनच चाकूच्या जखमांत सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते यकृत, साधारण १०० पैकी ४० जणांत. त्याखालोखाल लहान आतडं ३०, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा २०, मोठं आतडं १५. बेरीज शंभरावर जाते, कारण एकच चाकू एका दमात दोन-तीन अवयवांना लागू शकतो.

पोट कुठून सुरू होतं हेही सांगायला हवं. लोकांच्या मते बरगड्या संपल्या की पोट. पण आपण श्वास सोडतो तेव्हा तो मधला पडदा वर सरकतो, अगदी स्तनाग्राच्या पातळीपर्यंत. यकृत, प्लीहा आणि जठर त्याच्या मागोमाग बरगड्यांच्या आत जातात. म्हणजे स्तनाग्राच्या खाली, 'छातीत' लागलेला चाकू पोटातही गेलेला असू शकतो. पाठीत, कमरेवर, कुल्ल्यात बसलेला वारही तसाच.

आतल्या इजेचे धोके दोन. एक रक्ताचा, दुसरा घाणीचा. यकृत, प्लीहा किंवा आतड्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा तुटल्या तर रक्त पोटातच साठत राहतं. बाहेर कपड्यावर एक डाग आणि आत दीड लिटर, असं होऊ शकतं. हा धोका मिनिटांत किंवा तासांत माणूस नेतो. दुसरा संथ असतो. आतड्याला भोक पडलं की आतलं अन्न, पित्त, मळ पोटाच्या पोकळीत झिरपायला लागतो. पहिले काही तास माणूस बोलतो, चालतो, भूक लागली म्हणतो. मग पोट दुखायला लागतं, ताप येतो, पोट पाटीसारखं टणक होतं. तेव्हाही उपचार मिळाले नाहीत तर जंतू रक्तात पसरतात.

यात ब्लडप्रेशर फसवतं. साठ किलोच्या माणसाच्या अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं जवळपास ३० टक्के, म्हणजे सव्वा लिटर जाईपर्यंत तरण्या माणसाचं शरीर शिरा आवळून आणि हृदय जोरात पळवून प्रेशर टिकवून धरतं. प्रेशर पडतं ते सगळे उपाय थकल्यावर. नाडी आधी बोलते. हात गार पडणं, घाम, तहान, अस्वस्थ होऊन उठून बसायला बघणं, ही सगळी प्रेशरच्या आधीची बोली आहे. 'प्रेशर तर बरं आहे' एवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये, नातेवाइकांनीही नाही आणि आम्हीही नाही.

गावात असताना

पहिली गोष्ट: चाकू, विळा, तुतारी (बैल हाकायची टोकदार काठी), जे काही पोटात रुतलेलं असेल ते ओढून काढायचं नाही. ते पातं कदाचित एखाद्या तुटलेल्या शिरेचं तोंड दाबून बसलेलं असतं. ओढलं की बूच निघाल्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना धोतराच्या किंवा टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवून ते हलणार नाही असं बांधायचं आणि तसंच आणायचं. ते काढायची जागा ऑपरेशन थिएटर आहे.

दुसरी: आतडं किंवा चरबीचा पडदा बाहेर आला असेल तर आत ढकलायचा नाही. ढकलताना ते पिळवटतं, आणि धूळमातीही आत जाते. स्वच्छ कापड उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवून वर झाकायचं, त्यावर स्वच्छ प्लास्टिक, म्हणजे ते वाळणार नाही. कापूस लावायचा नाही. आपल्या कपाशीच्या मुलखात हे आवर्जून सांगावं लागतं, कारण प्रत्येक घरात कापूस हाताशी असतो. त्याचे तंतू आतड्याला असे चिकटतात की नंतर एकेक वेचून काढताना आमची दमछाक होते. हळद, चुना, तंबाखू, राख यांतलं काहीही नको. रोग्याला उताणं झोपवून गुडघे उभे करायचे, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने वरून घट्ट दाबून धरायचं. तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, चहा तर नाहीच. भूल देताना भरल्या पोटातलं फुप्फुसात गेलं तर ते वेगळंच संकट. तहान लागली म्हणून रोगी विनवतो, आई-बापाचा जीव तुटतो, तरी ओठ ओले करण्यापलीकडे जाऊ नये. आणि पांघरूण घाला. बाहेर मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन असलं तरी. रक्त गेलेला माणूस आतून गार पडत जातो आणि गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही.

१०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि या गाडीत डॉक्टर असतात. गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा, पण रोग्याला आडवं ठेवून. आमचा तो मुलगा मोटरसायकलवर बसून आला. त्याचं नशीब थोर, आणखी काय सांगू.

पोलिसांची भीती ही आमच्याकडची मोठी अडचण. भांडणातली मारामारी, आधी ठाण्यात जायचं की दवाखान्यात? दवाखान्यात. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की जखमी माणसाचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कायद्याचे सोपस्कार नंतर. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमेची) नोंद दवाखानाच करतो आणि पोलिसांना कळवतो. तुम्ही एवढंच करा: अंगावरचे कपडे धुऊ नका, फेकू नका. कपड्यावरचं भोक हा पुरावा असतो. आम्हीसुद्धा शर्ट कापतो तेव्हा त्या भोकाला सोडून कापतो.

सगळ्यांचंच पोट उघडत नाहीत

आता त्या वडिलांचा दुसरा प्रश्न. त्यांना वाटलं होतं, एकतर टाके मारून घरी सोडतील, नाहीतर लगेच ऑपरेशनला घेतील. मी तिसरंच म्हणाले: ठेवून घेते, बघते. "बघते म्हणजे? बघून रायल्यानं बरं होते का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात पोटात गोळी लागलेल्या सैनिकांची ऑपरेशनं इतकी फसली की हात न लावलेला बरा, असं सर्जन म्हणू लागले. लगेच पुढे, १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात व्हेरा गेद्रोइत्स या रशियन सर्जन बाईंनी रेल्वेच्या डब्यात ऑपरेशन थिएटर थाटलं, तो डबा लढाईच्या जवळ नेला आणि जखमी लवकरात लवकर टेबलावर घेतले. माणसं वाचली. फरक वेळेचा होता. मला या बाईंची आठवण वारंवार येते, कारण आमचा प्रश्नही शेवटी अंतराचाच आहे. पहिल्या महायुद्धापासून मग दुसरं टोक आलं: पोटात शस्त्र गेलं की प्रत्येकाचं पोट उघडायचंच. लढाईत ते बरोबर होतं. शहरातल्या दवाखान्यांत मात्र असं दिसायला लागलं की चाकू लागलेल्या कित्येकांचं पोट उघडल्यावर आत काहीच सापडत नाही. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या किंग्ज काउंटी रुग्णालयातल्या जेराल्ड शाफ्टन यांनी मांडलं की नियम चाकूवरून नको, माणसाकडे बघून ठरवावा. पुढे जोहान्सबर्गच्या बारागवानाथ रुग्णालयातून १९८७ मध्ये मोठा अभ्यास आला. पोटाच्या पुढच्या बाजूला चाकू लागलेल्या ६५१ जणांपैकी ३०६ जणांवर ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवली. त्यातल्या फक्त ११ जणांना नंतर ऑपरेशन लागलं.

रिकामं पोट उघडलं तर बिघडतं काय, असंही विचारतात. बिघडतं. छातीखालच्या हाडापासून ओटीपोटापर्यंतची चीर, आठवडाभर दवाखाना, महिनोन् महिने वजन उचलायला बंदी. सोयाबीनचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या त्या व्रणातून पुढे हर्निया येऊ शकतो. आतली आतडी एकमेकांना चिकटून वर्षांनंतर अडकू शकतात. मजुरी करणाऱ्या घराला हे स्वस्त नाही.

म्हणून आज नियम असा. प्रेशर पडलंय, नाडी धावतेय आणि रक्त दिसत नाही, तर थेट थिएटर. सगळं पोट टणक झालंय, हात लावू देत नाही, तर थेट थिएटर. आतडं बाहेर आलंय, किंवा शस्त्र अजून आत आहे, तरीही बहुतेक वेळा थिएटरच. रक्ताची उलटी किंवा शौचातून ताजं रक्त हीसुद्धा पोट उघडण्याची मोठी कारणं. यांच्यासाठी सोनोग्राफी, सीटी स्कॅनच्या रांगेत घालवलेला प्रत्येक मिनिट वाया.

उरलेल्यांना, म्हणजे शुद्धीवर असलेल्या, नाडी आटोक्यात असलेल्या, जखमेपुरतंच दुखणाऱ्या माणसांना थोडा वेळ देता येतो. जागा सुन्न करून जखम थोडी मोठी करून आत बघतात. स्नायूवरचं ते पांढरं आवरण शाबूत असेल तर टाके मारून घरी. हे फक्त पोटाच्या पुढच्या भागासाठी. बरगड्यांवरच्या जखमेत असं खोदत बसायचं नसतं, छातीत हवा शिरते. आणि बोट किंवा काडी घालून खोली मोजणं तर कुठेच नाही.

तपासण्यांबद्दल एक गैरसमज काढायला हवा. "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणून माणसं रोग्याला उठवून घरी नेतात. सोनोग्राफीत साठलेलं रक्त दिसतं, तेही बऱ्यापैकी साठल्यावर. आतड्याचं बारीक भोक तीत दिसत नाही. एक्स-रेमध्ये छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसली तर एरवी आतडं फुटलं समजतात, पण चाकूच्या जखमेतून हवा बाहेरूनही शिरलेली असू शकते. सीटी स्कॅन या सगळ्यांत चांगला, पाठीच्या आणि कमरेच्या जखमांसाठी तर फारच. तरी ताजं भोक आणि मधल्या पडद्याची चीर त्यालाही चकवते. डाव्या बरगड्यांखालच्या जखमेत ही चीर शोधायला दुर्बीण घालून बघावं लागतं. नाहीतर महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या चिरेतून जठर किंवा आतडं छातीत चढून अडकतं.

या सगळ्या यंत्रांपेक्षा भरवशाचा ठरतो तो एकाच डॉक्टरचा हात, जो दर काही तासांनी त्याच पोटावर ठेवला जातो. मघाशी मऊ होतं, आता आवळलंय का? दुखणं जखमेपाशीच आहे की दूर पसरलंय? नाडी ९० ची १०० झाली का, १०० ची ११०? ताप? रक्तातल्या पांढऱ्या पेशी? साधारण २४ तास असं बघतात. सगळं शांत राहिलं तर जेवण देऊन दुसऱ्या दिवशी सोडतात. 'बघते' म्हणजे हे. रोग्याला दुखण्याचं इंजेक्शन देतात ते दुखणं लपवण्यासाठी नव्हे. त्याने तपासणीत अडथळा येत नाही.

पण या नजर ठेवण्याला एक अट आहे आणि ती ग्रामीण विदर्भात फार महाग पडते. जिथे नजर ठेवायची तिथेच, पोट बिघडलं की अर्ध्या-पाऊण तासात ते उघडता आलं पाहिजे. सर्जन हवा, भुलीचा डॉक्टर हवा, रक्ताच्या पिशव्या हव्यात, रात्री दोनलासुद्धा. ज्या दवाखान्यात यांतलं एकही नाही तिथे 'ठेवून बघू' म्हणणं म्हणजे जुगार. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर सलाईन लावून, धनुर्वाताचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन लगेच यवतमाळ, सेवाग्राम, चंद्रपूर किंवा नागपूरला पाठवतो, तेव्हा त्याने अंग काढून घेतलं असं समजू नका. तेच त्याचं काम आहे. वाईट वाटतं ते इतकंच की मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या माणसाला हे अंतर किती पडतं.

निघण्याआधी आणखी एक गोष्ट करता येते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाचं इंजेक्शन रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. २०१० मध्ये ४० देशांतल्या २० हजारांवर जखमींवर झालेल्या 'क्रॅश-२' अभ्यासात त्याने मृत्यू कमी होतात असं दिसलं. एक ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा एक ग्रॅम आठ तासांत. स्वस्त आहे, फ्रिज लागत नाही. मात्र इजेपासून ३ तासांच्या आत. त्यानंतर सुरू केलं तर अपाय होण्याची शक्यता. आणि सलाईन धो धो चढवायचं नाही. प्रेशर उगाच वर नेलं की नुकतीच धरलेली गुठळी निसटते आणि उरलेलं रक्त पातळ होतं. शुद्ध आणि मनगटाची नाडी राहील एवढं पुरे. हरवलंय ते रक्त, त्यामुळे भरून द्यायचंही रक्तच.

पोट उघडल्यावर

त्या मुलाची नाडी रात्री नऊला १२४ झाली. साडेनऊला पोटावर हात ठेवला तर त्याने माझं मनगट धरलं. आमच्याकडे त्या रात्री भुलीचे डॉक्टर होते, दोन पिशव्या रक्त होतं. वडिलांनी संमती दिली. अंगठा उमटवतानासुद्धा ते विचारत होते, "एवढ्याशा भोकासाठी पूर्ण पोट फाडता?"

हो, कारण चीर मधोमध आणि लांब घ्यावी लागते. आत काय आहे ते ठाऊक नसतं आणि प्रत्येक कोपऱ्यापर्यंत हात जायला हवा असतो. आत शिरल्यावर पहिलं काम रक्ताचं. चारही कोपऱ्यांत कापडाच्या मोठ्या घड्या दाबून बसवतात, भुलीच्या डॉक्टरला रक्त चढवायला उसंत देतात, मग एकेक कोपरा उघडून वाहणारी शीर धरतात. दुसरं काम घाणीचं. लहान आतडं जिथे सुरू होतं तिथून मोठ्या आतड्याला मिळतं तिथपर्यंत, साधारण वीस फूट, हाताहाताने दोन्ही बाजूंनी तपासायचं. यात शिकाऊ सर्जनला पहिल्या दिवशी सांगतात तो हिशेब असा: भोकं मोजा. चाकू आतड्याच्या एका भिंतीतून शिरला तर सहसा दुसरीतून बाहेर पडतो, म्हणून भोकं जोडीने सापडतात. संख्या विषम आली तर पुन्हा शोधा. कधी चाकू एकाच भिंतीला लागून थांबलेला असतो, पण ते मान्य करायचं ते सगळीकडे पुन्हा बघून झाल्यावर. जठराची मागची भिंत तर समोरून दिसतच नाही, त्यासाठी त्याच्या मागची पोकळी उघडावी लागते.

मला तीन भोकं सापडली. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. चौथं आतड्याच्या त्या कडेला होतं जिथे रक्तवाहिन्यांचा पदर जोडलेला असतो. चरबीत झाकलेलं, मसुराच्या डाळीएवढं. त्याच पदरातली एक शीर तुटून पोटात लिटरभर रक्त साठलं होतं. शीर बांधली, चारही भोकं शिवली, पोट कोमट सलाईनने धुतलं.

लहान आतड्याची भोकं अशी शिवता येतात. खूप जवळजवळ असतील तर तेवढा तुकडा काढून टोकं जोडतात. यकृताचं रक्त बरेचदा आपणच थांबतं, नाहीतर घड्या दाबून थांबवतात. प्लीहा फारच फाटली तर काढावी लागते, आणि मग न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या जंतूंविरुद्धच्या लसी देणं भाग असतं, कारण हे जंतू गाळण्याचं काम तीच करायची. मोठ्या आतड्याबद्दल लोकांना सगळ्यात मोठी धास्ती असते ती 'संडासच्या पिशवीची'. दुसऱ्या महायुद्धात मोठं आतडं फुटलं की ते पोटावर बाहेर काढायचंच असा लष्करी नियम होता. आता चाकूची बहुतेक भोकं सरळ शिवतात. पिशवी लागते ती इजा मोठी असेल, रोगी फार उशिरा आला असेल किंवा प्रकृती फारच ढासळली असेल तेव्हा, आणि तीसुद्धा साधारण तीन महिन्यांनी बंद करता येते. उशीर आणि पिशवी यांचा संबंध असा थेट आहे.

कधी मात्र सर्जन अर्ध्यावर थांबतो. रक्त इतकं गेलेलं असतं की अंग गार पडतं, रक्तात आम्ल वाढतं, गोठण्याची ताकद संपते. हे तिन्ही एकमेकांना ओढत खाली नेतात. अशा वेळी तासन् तास शिवत बसलं तर ऑपरेशन छान होतं आणि माणूस जातो. म्हणून फक्त रक्त थांबवायचं, फुटलेलं आतडं बांधून टाकायचं, घड्या आत तशाच ठेवून पोट तात्पुरतं झाकायचं आणि अतिदक्षता विभागात ऊब, रक्त, प्राणवायू द्यायचा. एक-दोन दिवसांनी परत नेऊन उरलेलं काम. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी याला 'डॅमेज कंट्रोल' म्हटलं. हा शब्द अमेरिकी नौदलातला, भोक पडलेलं जहाज आधी बंदरापर्यंत तरंगत ठेवायचं अशा अर्थाचा. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना "पोट उघडंच ठेवलंय" हे ऐकून धक्का बसतो. काम अर्धवट टाकून डॉक्टर निघून गेला असं त्यांना वाटतं. तसं नसतं, तो त्या क्षणी सगळ्यात अवघड निर्णय घेऊन आलेला असतो.

याच्याशीच जोडलेली, आपल्या भागासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, मेळघाट, सगळीकडे हा आजार आहे. सिकलसेलच्या माणसाच्या लाल पेशी नेमक्या याच गोष्टींनी विळ्यासारख्या वाकतात: थंडी, पाणी कमी पडणं, प्राणवायूची कमतरता, रक्तातलं आम्ल. जखमी माणसाचं नाव-गाव सांगताना "याला सिकलसेल आहे", "याच्या बहिणीला आहे" हे सांगायला विसरू नका. कार्ड असेल तर सोबत आणा. भूल देणाऱ्याला ते ब्लडग्रुपइतकंच मोलाचं आहे.

बैलाचं शिंग

आमच्याकडे पोटाच्या जखमा चाकूपेक्षा शेतात जास्त होतात असं मला नेहमी वाटतं. बैलाने उचलून फेकलेला माणूस, रानडुकराच्या सुळ्याने फाटलेलं पोट, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासलेल्या खुंटावर पडलेली बाई. यांना चाकूचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. चाकू सरळ जातो आणि स्वच्छ कापतो. शिंग आत गेल्यावर बैल मान हिसडतो, त्यामुळे एका भोकातून आत दोन-तीन दिशांना वाटा फुटतात. स्नायू चिरडले जातात, माती, शेण, कपड्याचे तुकडे आत ओढले जातात. कधी कातडी नुसती खरचटलेली आणि आतले स्नायू फाटून आतडं कातडीखाली आलेलं, असंही होतं. असा फुगा दिसला तर तो मार लागून आलेली सूज समजून शेकत बसू नका. या जखमा थिएटरमध्ये मोठ्या करून, मेलेलं मांस काढून, भरपूर धुऊन घेतात आणि बरेचदा वरची कातडी मुद्दाम उघडी ठेवतात. चार-पाच दिवसांनी, स्वच्छ दिसली की शिवतात. "टाकेच मारले नाहीत" ही तक्रार इथे हमखास येते. मळकी जखम घाईने शिवली तर आत पू धरतो.

ऑपरेशननंतर तो मुलगा दुसऱ्या दिवशी सिस्टरचा हात धरून चालला. चालवतात ते आतडी जागी व्हावीत आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. "हवा सुटली का?" हे सिस्टर दर पाळीला विचारते आणि तरणी पोरं लाजतात, पण आतडी कामाला लागल्याची ती सगळ्यात सोपी खूण आहे. त्याच्या आगेमागेच घोट घोट पाणी, मग पेज, मग वरण-भात. शिवलेल्या आतड्यातून गळती झालीच तर ती बहुतेक पहिल्या आठवडा-दहा दिवसांत कळते: बरा होत असलेला माणूस अचानक तापतो, नाडी वाढते, पोट फुगतं. घरी गेल्यावर असं झालं तर गावातलं इंजेक्शन घेऊन थांबू नका, ऑपरेशन झालं तिथेच परत या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी भरती होतानाच करा. रेशनकार्ड आणि आधार कुणाच्या तरी हातून मागवून घ्या.

तो नवव्या दिवशी घरी गेला. पुढचे तीन महिने पोतं उचलायचं नाही, बैलबंडीला खांदा द्यायचा नाही, हे मी त्याला नाही तर वडिलांना बजावलं. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवायला सांगितलं. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कधी पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या, पोट फुगलं आणि हवा सुटेना, तर तेव्हाच्या डॉक्टरला ते कार्ड दाखवायचं आणि पहिलं वाक्य हेच सांगायचं, माझं पोट एकदा उघडलेलं आहे.